फिर्यादीतला मार्गशीर्ष

१८६६, जानेवारी ता. ९, मंगळवार. अकोला.
सकाळी दहा वाजून वीस मिनिटे, कचेरीच्या घड्याळात पाहून. ओट्यावर बसून साक्षीदारांची यादी दुसऱ्यांदा उतरवत होतो (पहिलीत एके ठिकाणी शाई फुटली), तेव्हा शिपायाने नाव पुकारले. "गणपत सखाराम, अमरावतीचा काटेवाला कोण?" उठलो. सेठची कैफियत (माझ्या अब्रूच्या दाव्याला त्याचे उत्तर) दाखल झाली, नक्कल घ्या. नकलेचे सहा आणे.
उभ्यानेच वाचली. "फिर्यादीत लिहिलेल्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष वद्य ५, ता. १८ डिसेंबर १८६४ रोजी, प्रतिवादी मुंबईत होता. त्या दिवसाची हुंडी व पेढीची वही हजर आहे. सबब फिर्याद खोटी, खर्चासह रद्द व्हावी."
मुंबईत! अमरावतीच्या कापूसबाजारात चाळीस माणसे उभी होती. माल घेणाऱ्या सेठचे बोट माझ्या नाकापासून वीतभर. "इसके पलड़े के नीचे मोम है. चोर है ये." मी पारडे उलटे करून दाखवले. खाली मेण नव्हते, काही नव्हते. पण पाहिले कोणी? सगळे सेठच्या तोंडाकडे पाहत होते.
पुन्हा वाचली. तेच होते.

ता. १०, बुधवार.
वकीलसाहेबांकडे (यापुढे व.सा.). पुण्याकडचे गृहस्थ, एकही शब्द वाया घालवत नाहीत. म्हणाले, "गणपतराव, फिर्यादीत तारीख कशावरून घातलीत?"
चिठ्ठीवरून. चिठ्ठी दाखवली. त्याच संध्याकाळी मालकाने (त्यांच्या अडतीवर मी कापूस तोलायचो) मला काढले, तेव्हाची आहे. "हिशेब चुकता. मिती मिगसर बदी ५, संवत १९२१." मालक मारवाडी, त्यांचा मिगसर म्हणजे आपला मार्गशीर्ष. मीच शुद्ध करून लिहिले, मीच पंचांगात पाहून इंग्रजी तारीख काढली.
व.सा. यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहून परत दिली. "मग सेठ धडधडीत खोटे बोलतो आहे. अब्रूच्या दाव्यात दिवस, जागा आणि शब्द, तिन्ही जुळले पाहिजेत. तुमचा तो हमाल मुकादम आहे ना, त्याला भेटून या. दिवस पक्का करून या."
रहीमभाई. जातो.
एका गोष्टीची धास्ती आहे. आगगाडीच्या कामावर हजेरी लिहिणारा माणूस पाहिजे आहे. मुकादमाने माझे अक्षर पाहिले, खूश झाला. नाव ऐकले आणि म्हणाला, "सेठचा तो मेणवाला तूच का? दाव्याचा निकाल घेऊन ये, मग बघू." अमरावतीत नाही, अकोल्यात नाही, काट्यावर कोणी उभे करत नाही, आणि आता लेखणीही देत नाहीत. दावा जिंकल्याशिवाय मला कोणते काम आहे? वय बावीस.

ता. १२, शुक्रवार. संक्रांत.
अक्काने (मोठी बहीण, तिच्याकडेच राहतो) तिळगूळ केला. भाऊजी ताटावर बसल्या बसल्या: "एक वाटी सेठले नेऊन दे. वकिलापेक्षा सस्त्यात पडते." अक्का हसली नाही. मी हसलो.
भाऊजींची गाडी आहे, कापूस वाहतात. भाव होता तेव्हा महिन्याला चार खेपा व्हायच्या. अमेरिकेतली लढाई संपली, भाव पडला, आता एक. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा येतो तो माझ्यामुळेच असे नाही. पण माझ्यामुळेही.

ता. १५, सोमवार. वाटेत.
अमरावतीकडे रिकाम्या जाणाऱ्या गाडीत बसलो. गाडीवाल्याला तंबाखू दिली, बाकी भाडे नंतर. त्याने विचारले कुठला, काय करतो. म्हटले, लिहितो. काट्याचे सांगितले नाही.

ता. १८, गुरुवार. अमरावती.
पोचलो. बाजारात गेलो नाही, बाजारच अंगावर आला. गाड्या पहिल्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करतात ते तसेच, पण रुमाल लवकर निघतात. हुज्जत घालावी इतका भाव राहिलेला नाही.
माझा काटा होता तिथे दुसरा मुलगा. दांडी नीट धरत नाही, पारडे टेकू देतो. एक म्हातारा गाडीवाला, त्याचा माल मी दोन साल तोलला, माझ्याकडे पाहून थांबला. ओळखले. मग बैलांचे कासरे उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. मी वाट सोडली.

ता. १९, शुक्रवार. अमरावती.
रहीमभाईंचे रोजे सुरू झाले आहेत. तरी बोजे उचलतात. साठीला आले असतील. मला पाहून बोजा टाकला आणि ओरडले, "अरे गनपत! जिता हाय का बे? मले वाटलं अकोल्याच्या कचेरीनं खाऊन टाकला तुले."
कैफियतीतले सांगितले. थुंकले. "मुंबईत? मंग माया कानात कोन ओरडत होतं? त्याचा भूत?" म्हणाले, साक्ष देतो, कुराणावर हात ठेवून देतो. दिवस विचारला.
"जुम्मा होता. नमाज पडून आलो तं सेठचा आवाज पार मशिदीच्या कोपऱ्यापासून ऐकू येत होता. मी म्हटलं, आज कोनाचं बारा वाजलं."
पक्के का?
"जुम्म्याचं मले शिकवून राहिला का तू? आनि तुमच्या दिवाळीचे दिवे होऊन वीसेक रोज झाले होते. नवा कापूस होता, दवाचा."
मी मान हलवली. पंचांग काखेत होते. देवळाच्या पायरीवर बसून पाहिले. मार्गशीर्ष वद्य ५, शके १७८६: रविवार.
रविवार.
पुन्हा पाहिले. मग दिवाळीपासून बोटे मोजली. वीस दिवस. कार्तिक. कार्तिक वद्य ५. शुक्रवार, ता. १८ नोव्हेंबर.

तोच दिवस, दुपारी.
मालकाच्या दुकानात गेलो. ते गादीवरून उठले नाहीत, पण बस म्हणाले. त्या सालची वही मागितली. मुनीमजींनी काढली. दिवाळीचे पूजन, मग कातीक सुदी, पौर्णिमा, आणि त्याच्या खालच्या ओळीत: मिगसर बदी १.
पौर्णिमा झाली की मारवाड्यांचा महिना बदलतो. आपला अमावास्येला बदलतो. शुद्ध पक्षाला दोघांचे नाव एक, वद्याला त्यांचे नाव एक महिना पुढे. त्यांचा मिगसर बदी म्हणजे आपला कार्तिक वद्य. दुकानात पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मला ठाऊक होते. दोन साल रोज सकाळी मी शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर एक नाव आणि वहीत दुसरे नाव लिहीत होतो, एकदा चुकलो नाही. आणि स्वतःच्या फिर्यादीत मिगसरचे मार्गशीर्ष केले, बदीचे वद्य केले, अक्षर सुंदर काढले.
सेठ खोटे बोलत नाही. त्या रविवारी तो मुंबईतच असेल.
मालक म्हणाले, "मी तुला चोर म्हटले नाही, गणपत. पण सेठ माझ्या दुकानचा अर्धा माल उचलायचा. मी काय करणार होतो?" मी म्हटले, काही नाही. आता सेठ तरी कुठे उचलतो, असे तेच म्हणाले.

ता. २०, शनिवार.
महिन्याची चूक आहे, दुरुस्त होईल. व.सा. करतील. शुक्रवार आहे, साक्षीदार आहे, सेठच्याच वहीत तो त्या दिवशी अमरावतीत सापडेल. उलट बरेच झाले.
असे दिवसभर म्हणत राहिलो. संध्याकाळी एक गोष्ट सुचली, ती इथे लिहीत नाही. व.सा. यांना विचारल्याशिवाय नाही.

ता. २४, बुधवार. अकोला.
जे सुचले होते तेच.
व.सा. यांनी पंचांग पाहिले, चिठ्ठी पाहिली, मग डोळे मिटून बसले. "गणपतराव, अब्रूच्या दाव्याला मुदत किती?"
"एक वर्ष."
"शब्द उच्चारल्यापासून एक वर्ष. तुम्ही फिर्याद कधी दाखल केलीत?"
११ डिसेंबर १८६५, सोमवार. मुदत १८ डिसेंबरला संपते असे मोजून सात दिवस राखून केली होती. त्याचा अभिमान वाटला होता.
"आणि शब्द उच्चारले १८ नोव्हेंबरला. म्हणजे मुदत १८ नोव्हेंबरला संपली. तेवीस दिवस उशीर." त्यांनी डोळे उघडले. "तारीख आहे तशी ठेवली तर सेठ मुंबईत. तारीख खरी केली तर दावा मुदतीबाहेर. तुम्ही दोन्ही दारांना बाहेरून कडी घातलीत."
बाहेर येऊन चप्पल उलटी घातली, बऱ्याच वेळाने कळले.

ता. २५, गुरुवार.
तेवीस.
गेल्या कार्तिक शुद्धात पैसे हातात होते. स्टांपाचे सोळा रुपये, रुमालात बांधलेले. तेव्हाच दाखल केली असती तर मुदतीत होती. पण महिनाभर वेळ आहे असे मोजले आणि भाऊजींना दिले. त्यांच्या गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा निखळल्या होत्या. मग तेल्हाऱ्याहून भावाने पैसे पाठवले तेव्हा फिर्याद केली.
भाऊजींना हे माहीत नाही. सांगू नये. सांगून काय, धावा काढून परत...

ता. २८, रविवार.
अक्का: "गनू, तू जेवत काहून नाही? कोनी काही बोललं का?" नाही म्हटले. तिने माझ्या ताटातली भाकरी उचलून पाहिली, कुठे कुरतडली आहे का ते, लहानपणी पाहायची तसे.

फेब्रुवारी ता. १, गुरुवार.
सेठचे मुनीमजी वाटेत भेटले. मुद्दाम भेटले. गोड बोलतात. "गणपतभाई, सेठजींच्या मनात काही नाही. बाजारात माणूस रागावतो. माल कमी भरला, तुमच्यावर राग निघाला. तुम्ही दावा मागे घ्या, सेठजी पंचवीस रुपये देतील, कपड्याचे."
म्हटले, माल कमी भरला तो वाटेत वाळला म्हणून. सकाळी दवाचा तोलला, अकोल्याला तीन दिवसांनी कोरडा पोचला. दहा खंडीत दोन मण जातातच. हे सेठला कळत नाही?
"कळते हो. सगळ्यांना कळते."
मग सेठने चार लोकांत तेवढे म्हणावे. रुपये नकोत.
मुनीमजी खरोखर चकित झाले. "म्हणायला काय पैसे पडतात? पण सेठ म्हणणार नाहीत. आज भाव पडला आहे, घेणेकरी दारात आहेत. आज एकदा, बोललो ते चुकलो, म्हटले की उद्या लोक विचारतील, आणखी काय काय चुकले?"
पटले. हेच वाईट, की पटले. त्याची अब्रू वाचते ती माझ्या अब्रूवर.

ता. ५, सोमवार. कचेरी.
तारीख होती. साहेब इंग्रजीत बोलतात, शिरस्तेदार मराठीत सांगतात. व.सा. उभे राहिले: फिर्यादीत मितीची चूक झाली आहे, दुरुस्तीची परवानगी असावी. नवी मिती सांगितली नाही. सेठच्या वकिलाने हरकत घेतली, कैफियत पाहिल्यावर वादी दिवस बदलू पाहतो आहे, उद्या जागा बदलेल, परवा शब्द.
साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले काही विचारतील. विचारले नाही. हुकूम: ता. २६ पर्यंत दुरुस्त फिर्याद दाखल करावी, दुरुस्तीत मूळ शब्द बदलू नयेत. न केल्यास दावा खारीज.
सेठ पहिल्या बाकावर. वाळला आहे. पगडी जुनी. एकदाही माझ्याकडे वळला नाही.

ता. ९, शुक्रवार.
व.सा. यांनी बोलावले. कच्चा मसुदा तयार होता. वाचून दाखवला.
"मार्गशीर्षाच्या सुमारास, आणि त्यानंतर पौष महिन्यात प्रतिवादी मुंबईहून परतल्यावर पुन्हा, त्याच बाजारात, साक्षीदारांसमक्ष, तेच शब्द."
म्हटले, पौषात तर सेठ काही बोलला नाही. पौषात मी अमरावतीत नव्हतोच.
"तुम्ही नसाल. तुमच्यामागे बोलला असेल. असे शब्द माणूस एकदाच बोलतो का? पौषातला दिवस मुदतीत बसतो. साक्षीदाराने तेवढे म्हटले पाहिजे." थांबले. "मी म्हणत नाही की तो म्हणेल. तुम्ही त्याला विचारा. बोलला असेलही."
त्यांची फी पंधरा रुपये बाकी आहे, तरी त्यांनी बोलण्यात ती आणली नाही. चांगले गृहस्थ आहेत. वाईट सल्ला देताना त्यांचा आवाज खाली गेला.
मसुदा घरी आणला. पौषाची ओळ फार सफाईची आहे. कुठे खोड काढता येत नाही.

ता. १०, शनिवार.
रहीमभाईंना निरोप पाठवला, ईद झाली की या.

ता. १४, बुधवार.
भाऊजींशी भांडण. मी सुरू केले नाही. म्हणाले, "तुले काय मिळून राहिलं यातून? तीनशे रुपये मागतले, तीन तरी दिसले का? जाय तेल्हाऱ्याले, भावाच्या वावरात कापूस वेच. तिथं कोन इचारते तुया काट्याचं?"
तिथेही विचारतात. दिवाळीला गेलो होतो तेव्हा कोतवालाने सगळ्या पारावर विचारले, मेण किती लावत होतास रे?
तोंडातून निघून गेले. "तुमाले सोळा रुपये दिले नसते तं आज दावा जितलो असतो."
मग सांगावे लागले. मिगसर, कार्तिक, मुदत, सगळे. भाऊजी ऐकत राहिले. चिलीम हातातच विझली. म्हणाले, "मले काय माहीत बापा," आणि बाहेर जाऊन गाडीजवळ उभे राहिले. अक्का माझ्याकडे पाहीना. सांगायला नको होते. त्यांचा काय दोष? मोजले मी.

ता. २१, बुधवार.
रहीमभाई आले. अक्कासाठी शेवया, ईदच्या. पायांना फोड. भाडे वाचवायला निम्मी वाट चालत आले, हे विचारल्यावर कळले.
जेवून झाल्यावर ओसरीत बसलो. पौषाचे सांगितले. मी पुढे काही म्हणायच्या आत म्हणाले, "सांगतो ना. तू मले दिवस सांग, मी तोच सांगतो. दोन साल तुया काट्यावर बोजे उचलले, गनपत. दुसरे काटेवाले दांडी ढकलत होते, तू श्वास धरून उभा राहात होता. मले कोनी इचारलं तं मी काय इचार करून राहीन का?"
"सेठ पौषात बोलला होता का, रहीमभाई?"
"माह्यासमोर तं नाही. पन बोलला म्हन ना. कोनाचं बिघडते?"
मग मी त्यांना शिकवायला बसलो. पौष शुद्ध १०. जानेवारीची ७ तारीख. शनिवार. त्यांनी म्हटले. वार चुकले. पुन्हा. वार बरोबर, महिना चुकला. पुन्हा. "जुम्मा नाही, रहीमभाई, शनिवार." "हां हां, शनिवार. नमाज पडून..." "नमाज नाही. सकाळी." "सकाळी. बरं." चौथ्या वेळी सगळे बरोबर म्हटले आणि माझ्याकडे पाहिले. "आता ठीक झालं ना बे?"
एवढा मोठा माणूस, शाळेतल्यासारखा.
मी हो म्हटले. मग मागच्या अंगणात जाऊन तोंड धुतले. पुन्हा धुतले.

ता. २२, गुरुवार.
रहीमभाई आज सकाळपासून स्वतःशीच पुटपुटत आहेत. शनिवार, शनिवार. अक्का म्हणाली, "म्हाताऱ्याले काय झालं?"

ता. २४, शनिवार.
दुरुस्त फिर्याद लिहिली. सकाळी सुरू केली, दुपारी तीनला संपली. पौषाची ओळ व.सा. यांच्या मसुद्यातून उतरवली. मग पान फाडले. नवा कागद घेतला, दोन आण्यांचा.
लिहिले: "मूळ फिर्यादीत मार्गशीर्ष वद्य ५ लिहिले आहे, ते मारवाडी मितीवरून वादीने स्वतः चुकीने उतरवले. खरा दिवस शके १७८६ कार्तिक वद्य ५, शुक्रवार, ता. १८ नोव्हेंबर १८६४. चूक वादीची आहे."
सही केली. रहीमभाईंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "मंग शनिवार?" म्हटले, विसरून जा. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसले आणि म्हणाले, "शुकर हाय. रातभर झोप नव्हती मले."
मग म्हणाले, "पन तू हरशील ना बे."
बहुतेक.

ता. २५, रविवार.
व.सा. रागावले. इतके रागावतील असे वाटले नव्हते. "तुम्ही आपल्याच हाताने दावा बुडवता आहात आणि माझ्याकडून त्यावर सही मागता! खरे बोलायचे होते तर वकील कशाला केलात? देवळात जायचे होते." कागद टेबलावर आपटला. मग उचलून पुन्हा वाचला. "अक्षर चांगले आहे," म्हणाले. सही केली.
सांगितले, मुदतीबद्दल आपण एवढेच म्हणू शकतो की नुकसान आजही चालू आहे, काम मिळत नाही. साहेब ते मानतील याला आधार काही नाही. "मी म्हणेन. पण तुम्ही आशा ठेवू नका."
ठेवत नाही असे म्हटले. खोटे.

ता. २६, सोमवार. कचेरी.
दाखल केली. साहेबांनी वाचली, शिरस्तेदारांना काही विचारले. शिरस्तेदार: "वादीला समजते काय, की या दिवसाने त्याचा दावा मुदतीबाहेर जातो?"
"होय."
"मग हा दिवस का लिहिला?"
पुष्कळ वाक्ये जुळवून नेली होती. म्हटले, "तो दिवस तोच होता."
कोणीतरी मागे हसले. सेठचे वकील उठले, वादीने स्वतःच कबूल केले आहे, आता काय राहिले, खर्चासह खारीज करावे. व.सा. बोलले, नुकसान चालू असल्याचे. चांगले बोलले. मग साहेबांनी सेठला विचारले, त्या कार्तिक वद्य ५ ला, तुमच्या मिगसर बदी ५ ला, तुम्ही कुठे होता? वही आणा. सेठच्या वकिलाने त्याची गरज नाही म्हटले. साहेब म्हणाले, गरज आहे की नाही मी पाहीन. रहीमभाईंची साक्ष आज नाही. मुदतीचा हुकूम राखून ठेवला. पुढची तारीख १२ मार्च, सोमवार.
व.सा. म्हणतात याचा अर्थ काही नाही. साहेबांना पंचांगाची गंमत वाटली असेल, एवढेच.
बाहेर पायऱ्यांवर गर्दीत सेठ माझ्या शेजारी आला. त्याचा वकील पुढे गेला होता, माझे व.सा. मागे. सेठ समोर पाहत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "छोरे, तारीख तो सही लिखी."
आणि उतरून गेला. बैलांच्या दमणीत बसला.
मी तिथेच उभा राहिलो. म्हणजे त्या शुक्रवारी तो बाजारात होता, हे त्याने म्हटले! हेच तो वर्षभर म्हणायला तयार नव्हता. आणि ऐकायला कोण होते? मी. साक्षीदारांच्या यादीत माझे नाव चालत नाही.
रहीमभाईंना सांगितले. "चार लोकांत बोलला असता तं?" म्हणाले. त्यांना अमरावतीच्या गाडीत बसवून दिले.

ता. २७, मंगळवार.
आगगाडीच्या मुकादमाकडे गेलो. १२ मार्चपर्यंत थांबता येईल का विचारले. म्हणाला, जागा भरली.
भाऊजी सकाळी न बोलता गाडी घेऊन गेले. अक्काने विचारले, आता काय करशील. १२ तारखेची वाट पाहीन. आणि नंतर? ती धान्य निवडत राहिली.

आजवरचा हिशेब. दोनदा बेरीज केली.
खर्च:
स्टांप कागद, फिर्याद: रु. १६
दुरुस्तीचा अर्ज व स्टांप: रु. १
वकीलपत्र: आ. ८
व.सा. यांना दिले: रु. २०
समन्स व साक्षीदार भत्ता: रु. ३ आ. ४
अमरावती जाणे-येणे: रु. २ आ. १२
नकला, कागद, शाई: रु. १ आ. ८
मागील सालचे पंचांग: आ. ६
एकूण रु. ४५ आ. ६.
देणे:
व.सा., बाकी: रु. १५
भाऊ, तेल्हारा: रु. १८
अक्का: रु. ४
रहीमभाई, परतीचे भाडे, घेत नव्हते, त्यांनीच भरले: रु. १ आ. ४
एकूण रु. ३८ आ. ४.
दावा गेल्यास सेठचा खर्च माझ्यावर: आकडा माहीत नाही.
येणे:
भाऊजी: रु. १६. मागणार नाही.
सेठ, फिर्यादीत मागितलेले: रु. ३००. हे येण्यात लिहून मग काट मारली.
हातात शिल्लक: रु. २ आ. ३.